बावन्न पिकाचं कापड आणि आठवीतली एक मुलगी

इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्याला मजुरी विचारली तर तो महिन्याचा आकडा सांगत नाही. "बावन्न पिकाला इतके पैसे," असं सांगतो. म्हणजे एका इंचात आडवे बावन्न धागे बसतात ते कापड एक मीटर विणलं की इतके पैसे. मजुरीवाढीच्या बैठका, मोर्चे, करार, सगळं याच मापावर चालत आलंय. मी जिच्याबद्दल लिहितोय ती मुलगी हा शब्द कळायला लागल्यापासून ऐकत होती. पिक म्हणजे काय हे तिनं स्वतः मोजून पाहिलं ते मात्र आठवीत.

हे प्रकरण जून २०२२ पासून २०२५ च्या पावसाळ्यापर्यंतचं आहे. मी तिचा विज्ञानाचा शिक्षक आणि आठवीत वर्गशिक्षक. शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. नावं दिलेली नाहीत आणि कुणी ओळखू येईल असे तपशील गाळलेत. मुलीचे वडील माग चालवतात, आई मेंडिंगला जाते. म्हणजे विणून आलेलं कापड टेबलावर पसरून त्यातले सुटलेले धागे, गाठी, डाग शोधायचे आणि दुरुस्त करायचे.

चिठ्ठ्या

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी वर्गाला कागदाचे तुकडे वाटले आणि 'मोठेपणी काय व्हायचंय' ते लिहायला सांगितलं. अर्ध्याहून जास्त चिठ्ठ्यांवर पोलीस नाहीतर मिलिटरी. मग डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर, दोन यूट्यूबर. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून हे गाव कापडावर जगतंय, आणि कापडाशी संबंध असलेलं एकही काम एकाही चिठ्ठीवर नव्हतं. या मुलीनं सुवाच्य अक्षरात 'डॉक्टर' लिहिलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मम्मीनं सांगितलंय."

हे फक्त आमच्याच गावाचं दुखणं नाही. पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी होते. तिच्या २०१८ च्या फेरीत ४१ देशांतल्या मुलांची उत्तरं तपासली तेव्हा ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली त्याच त्या दहा कामांभोवती घुटमळताना दिसल्या. मुलं माहीत असलेल्यातूनच निवडतात. आमच्या मुलांना माहीत असलेली कामं दोनच जातीची: घरातली, जी नको आहेत, आणि गणवेशातली किंवा टीव्हीवरची, जी लांबून दिसतात.

आपल्याकडे यावर काही झालंच नाही असं नाही. राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. कृषी, वाणिज्य, कला व मानव्यविद्या, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा असे सात कल त्यात होते. पुढं २०२० मध्ये महाकरिअर पोर्टल आलं. माहिती म्हणून दोन्ही कामाचीच. पण कल चाचणीचा अहवाल हातात घेऊन एक मुलगा माझ्याकडं आला होता. त्याचा कल 'तांत्रिक' निघाला होता. "सर, म्हणजे आता काय करायचं?" या प्रश्नावर त्याला आयटीआयचं नाव सांगण्यापलीकडं माझ्याकडं तेव्हा काही नव्हतं. ज्या मुलानं आयुष्यात एकदाही पान्हा हातात धरला नाही त्याचा तांत्रिक कल कागदावर मोजून आम्ही मोकळे झालो होतो.

शिवाय दहावी म्हणजे उशीर झालेला असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेला सिद्धांत मला वर्गात रोज खरा होताना दिसतो. साधारण सहा ते आठ वर्षांचं मूल 'हे पुरुषांचं, हे बायकांचं' म्हणून काही कामं मनातून काढून टाकतं. नऊ ते तेरा या वयात 'हे हलकं, हे आपल्या आवाक्याबाहेरचं' म्हणून आणखी काढतं. आपल्याला काय आवडतं हा विचार त्यानंतर सुरू होतो आणि तोवर ताटात दोन-चारच पदार्थ उरलेले असतात. म्हणून आठवी.

फसलेलं व्याख्यान

पहिला प्रयत्न मी अगदी नेहमीचा केला. बाहेरगावच्या एका मार्गदर्शकांना बोलावलं. पडद्यावर दोन तास अभ्यासक्रमांची नावं सरकत होती. मुलं पहिली वीस मिनिटं शहाण्यासारखी बसली. शेवटी 'काही शंका?' असं विचारल्यावर कुणी हात वर केला नाही. दुसऱ्या दिवशी मी कालच्यातलं एक तरी काम आठवून सांगा म्हटलं, तर एकानं 'एरोनॉटिकल' म्हटलं आणि ते करणारा माणूस दिवसभर काय करतो हे त्याला सांगता आलं नाही. त्यात त्या पाहुण्यांची चूक नव्हती. मी चुकीची गोष्ट मागवली होती.

त्याच आठवड्यातला एक प्रसंग. मी फळ्यावर लिहीत होतो आणि मागून ही मुलगी हळूच म्हणाली, "सर, तुमच्या शर्टला पाठीवर एक धागा सुटलाय. आडवा." घरी जाऊन बघितलं. उजेडासमोर धरल्याशिवाय मला तो दिसेना. पहिल्या बाकावरून, फिक्या निळ्या शर्टावर तिला तो दिसला होता. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर मेंडिंगच्या टेबलाशी बसून तिची नजर तयार झाली होती आणि हे काही येणं आहे असं तिला, तिच्या आईला किंवा तोवर मलाही वाटलं नव्हतं.

एक मीटर कापड

दिवाळीनंतर मी वर्गात एक मीटर पांढरं कापड आणलं आणि पॅकिंगचा मोठा खाकी कागद भिंतीला लावला. काम एकच होतं: हे कापड इथवर यायला कुणाकुणाचे हात लागले ते शोधायचं आणि त्या माणसांना भेटून विचारायचं. प्रश्न आम्ही वर्गातच ठरवले. सकाळी कामावर गेल्यावर पहिल्यांदा काय करता? हे कुठं शिकलात, किती दिवस लागले? पैसे कसे मिळतात, रोजावर, मीटरवर की महिन्यावर? कशाचा कंटाळा येतो? अंगाचं काय दुखतं? हा शेवटचा प्रश्न मुलांनीच घातला. त्यांच्या घरात तो रोजचा आहे.

पंधरा दिवसांत कागद भरत गेला. कापसाचा शेतकरी, जिनिंग, सूतगिरणी. सायझिंगमध्ये सुताला खळ देणारा. वहिफणी करणारा, जो बीमवरचा एकेक धागा ओवतो. कांडीवाला. जॉबर, म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो. दिवाणजी, घडीवाला, मेंडिंगची बाई. मग मुलं कारखान्याच्या बाहेर पडली: प्रोसेसिंगमधला रंगाचा केमिस्ट, संगणकावर डिझाइन करणारी, एअरजेट, म्हणजे हवेच्या झोतानं धागा फेकणारे माग बसवायला येणारा इंजिनिअर, वायरमन, ट्रकवाला, जीएसटीचं काम बघणारा अकाउंटंट. एका मुलानं सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावरच्या ऑपरेटरला गाठलं. पंचगंगेचं पाणी काळं झालं की गावात आरडाओरडा होतो, पण ते पाणी रोज कोण तपासतं हे त्याला पहिल्यांदा समजलं. तो मुलगा पुढं आठवडाभर मला पीएच विचारत होता; पाठ्यपुस्तकात तो धडा यायला अजून अवकाश होता. चाळीसच्या वर कामं झाली आणि कागदाला खाली दुसरा जोडावा लागला.

नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर काम करावं असं म्हटलंय. त्या दहा दिवसांचं करायचं काय, हे आमच्यापुरतं त्या खाकी कागदानं सोडवलं.

भिंग

मग प्रयोगशाळा. गावात डीकेटीई ही वस्त्रोद्योगाचं शिक्षण देणारी संस्था १९८२ पासून आहे, शिवाय कापड तपासणाऱ्या लहानमोठ्या लॅबही आहेत. एका ओळखीच्यांनी त्यांच्या लॅबमध्ये बारा मुलांना यायची परवानगी दिली. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी टेबलावर घडी होणारं छोटं भिंग ठेवलं. खाली बरोबर एक इंचाची चौकट. त्यातून बघत सुईच्या टोकानं आडवे धागे मोजायचे.

बाकीच्यांचा आकडा दर वेळी वेगळा येत होता. ही मुलगी वाकली, एक डोळा मिटला आणि ओठ न हलवता मोजत राहिली. बावन्न. ताईंनी कापड फिरवून दुसरीकडं मोजायला लावलं. पुन्हा बावन्न. तिसऱ्या जागी एकावन्न म्हणाली आणि स्वतःच थांबली, "ताई, इथं एक गेलाय." ताईंनी भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. मुलगी सरळ झाली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "सर, पप्पा म्हणतात ते बावन्न पिक म्हणजे हेच?" त्या बावन्न धाग्यांवर तिच्या घरातली चूल पेटत होती आणि ते धागे आत्ता तिच्या सुईच्या टोकाखाली होते. मला त्या क्षणी काही बोलता आलं नाही.

निघताना तिनं ताईंना विचारलेला प्रश्न आमच्या यादीत नव्हता. "ताई, तुम्हाला घरातून सोडत्यात का?"

ताई हसल्या नाहीत. त्यांचे वडीलही मागावरच होते. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला. पहिलं वर्षभर चुलते घरी येऊन वडिलांशी भांडायचे, मुलगी कारखान्यात पाठवणार का म्हणून. लॅब कारखान्यात नसते हे त्यांना लॅब दाखवल्यावर पटलं. हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या, दहा मिनिटांत सांगितलं. दोन तासांच्या त्या व्याख्यानात या दहा मिनिटांइतकं काही नव्हतं.

वडील

इथं माझी चूक झाली आणि ती नीट लिहायला हवी. उत्साहाच्या भरात मी तिच्या वडिलांना शाळेत बोलावलं, सकाळी अकराला. ते रात्रपाळी करून आले होते. ऑफिसबाहेरच्या बाकावर त्यांचा डोळा लागला होता. मी त्यांना मुलीच्या नजरेबद्दल, लॅबबद्दल, टेक्सटाइल डिप्लोमाबद्दल भरभरून सांगितलं. ते खाली बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "सर, मागानं माझं काय भलं केलं? कान गेलं, छाती गेली. आता पोरगीबी तिकडंच धाडू व्हय?"

मी म्हटलं, "दादा, तसं नाही, लॅब वेगळी." पण घरी जाताना मला कळलं की त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं होतं. त्या भीतीला इतिहास आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळा अर्ध्या वेळेवर आणून उरलेल्या वेळेत मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. जातीचा धंदा पोराच्या गळ्यात बांधायची ही सोय आहे म्हणून लोक पेटून उठले आणि १९५४ मध्ये ती मागं घ्यावी लागली. मागवाल्याच्या मुलीला कापड दाखवणारा मी त्या बापाला काही वेगळा वाटण्याचं कारण नव्हतं.

दुसरं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या अभ्यासक्रमात वेल्डिंग-सुतारकाम, वीज-ऊर्जा, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य ही चारही अंगं प्रत्येक मुलानं आणि मुलीनं करायची असतात. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा रक्तगट तपासतो. कुणाचा बाप काय करतो हे कुणी विचारत नाही.

त्यावरून मी आमच्या उपक्रमात एक बदल केला आणि तो आजही ठेवलाय. कुठल्याही मुलानं स्वतःच्या घरचं काम निवडायचं नाही. चिठ्ठी उचलायची आणि दुसऱ्याच्या घरच्या कामाची माहिती आणायची. मागवाल्याची मुलगी दवाखान्यात जाईल, कंपाउंडरचा मुलगा सायझिंगला जाईल. या मुलीच्या वाट्याला एक लहान दवाखाना आला. तिची चिठ्ठी 'डॉक्टर'ची होती म्हणून मला बरंच वाटलं. दोन शनिवार ती तिथं बसली. डॉक्टरांच्या खोलीबद्दल तिनं चार ओळी लिहिल्या आणि रक्त तपासणाऱ्या माणसाच्या सूक्ष्मदर्शकाबद्दल दोन पानं.

ती दोन पानं वाचताना मला तिचा धागा सापडला. तिला बारीक बघायला आवडतं, आणि चांगलं-वाईट ठरवायला. ते कापडात आहे, रक्तात आहे, औषधाच्या कंपनीत आहे, अन्नाच्या तपासणीत आहे. मी कापडालाच धरून बसलो होतो आणि तिची आई डॉक्टरला. दोघंही पदाचं नाव धरून होतो.

वडिलांना भेटायला मग मी गेलो, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी. चहा झाला. लॅबमधल्या ताईही बरोबर आल्या होत्या. मी फारसं बोललो नाही. ताईंनी पगार सांगितला, कामाच्या वेळा सांगितल्या, रात्रपाळी नसते हे सांगितलं. तिच्या आईनं विचारलं, "बसून काम असतंय का?" बराच वेळ त्याच एका प्रश्नावर बोलणं चाललं. वर्षानुवर्षं टेबलाशी उभं राहून आईचे पाय सुजतात.

पैसे, वर्षं, परतीची वाट

त्याच वर्षी तिला एनएमएमएस शिष्यवृत्ती लागली. आठवीत परीक्षा, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. घरात तिच्या शिक्षणाकडं बघण्याची नजर या पैशांनी जितकी बदलली तितकी माझ्या बोलण्यानं बदलली नाही.

नववीत विशेष काही घडलं नाही. दहावीच्या सहामाहीनंतर आम्ही तिघं-चौघं तिच्या घरी एक कोरा कागद घेऊन बसलो. प्रत्येक रस्त्यासमोर किती वर्षं, किती पैसे, घरून जाऊन-येऊन जमेल का, आणि नाही जमलं तर परत कुठं वळता येईल, हे लिहायचं. या शेवटच्या रकान्यावर मी हटून बसतो. गरिबाघरचं मूल चुकलेल्या रस्त्यावरून परत फिरू शकत नाही, म्हणून वाट परतीची आहे की नाही हे आधी बघायचं.

डॉक्टर: अकरावी-बारावी विज्ञान, नीट, मग साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. नीट नाही झाली तर? त्याच विषयांवर नर्सिंग, लॅब तंत्रज्ञ, बीएस्सी. टेक्सटाइल डिप्लोमा: तीन वर्षं, पुढं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण एनएमएमएसची शिष्यवृत्ती बारावीपर्यंतच्या शालेय शिक्षणासाठी असते. डिप्लोमाला गेली की ते १२,००० थांबणार. आयटीआय: इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे, कमाई लवकर आणि तिथूनही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला वाट आहे. अकरावी विज्ञान, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन: ओझं जास्त, पण नीट आणि सीईटी दोन्ही दारं उघडी, आणि बारावी विज्ञाननंतरही डिप्लोमाचं थेट दुसरं वर्ष मिळतं.

मला वाटत होतं तिनं डिप्लोमाच घ्यावा. बोललो नाही. बोललो असतो तर तिनं माझ्या भिडेखातर घेतला असता.

१३ मे २०२५ ला निकाल लागला. ७१ टक्के; शिष्यवृत्ती पुढं चालू राहायला लागणारे ६० टक्के आरामात पार. त्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या राज्याची अकरावी एकाच ऑनलाइन प्रक्रियेत आली होती, त्यामुळं पालकांची दाणादाण उडाली. आम्ही अकरावी आणि पॉलिटेक्निक दोन्हीचे अर्ज भरून ठेवले. अनुदानित महाविद्यालयातच प्रवेश मिळावा म्हणून पसंतीक्रम तीनदा बदलला, कारण शिष्यवृत्तीसाठी तीही अट होती. तिनं अकरावी विज्ञान घेतलं, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवून.

हा निर्णय बरोबर की निर्णय पुढं ढकलणं, यावर मी अजून स्वतःशी भांडतो. चार विषयांच्या ओझ्याखाली तिचं गणित मार खाईल अशी मला धास्ती आहे. खासगी क्लास परवडणार नाही, म्हणून आठवड्यातून दोन संध्याकाळी ती माझ्याकडं येते. पण कागदावरचे रकाने तिनं स्वतः वाचले होते, बेरीज स्वतः केली होती, आणि वडिलांना 'का' हे तिनंच सांगितलं. आठवीच्या जूनमध्ये ज्या मुलीनं 'मम्मीनं सांगितलंय' म्हटलं होतं, तिच्याकडं आता स्वतःचं कारण होतं.

वर्गातल्या इतरांचं थोडक्यात. सांडपाण्याच्या ऑपरेटरला गाठणारा मुलगा डिप्लोमाला गेला. दोघं आयटीआयला, एक फिटर, एक वेल्डर. पोलीस म्हणणाऱ्यांपैकी बरेच अजूनही पोलीसच म्हणतात. त्यातल्या एकानं भरतीची शारीरिक चाचणी बघून आल्यावर रोज पहाटे पळायला सुरुवात केली, आणि मला ते चांगलं वाटतं. दोन मुलींची शाळा दहावीनंतर सुटली. त्यांच्या घरी मी वेळेवर गेलो नव्हतो.

यंदाच्या आठवीच्या प्रश्नांच्या यादीत एक प्रश्न वाढलाय. तो या मुलीच्या त्या दिवशीच्या प्रश्नावरून आम्ही घेतला. कुठल्याही बाईला तिच्या कामाबद्दल विचारताना मुलांनी हेही विचारायचं: "तुम्हाला या कामाला घरून कोण सोडत नव्हतं, आणि मग कसं सोडलं?" या प्रश्नाला येणारी उत्तरं खाकी कागदावर मावत नाहीत. त्यांची वेगळी वही केली आहे.